जंतू नाहीत, तरी आईच्या फुप्फुसात सूज का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंनी आयुष्यात विडी-तंबाखूला हात लावला नाही, बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी डॉक्टर म्हणाले की धूर-धुळीमुळे श्वासनलिकांना सूज आहे. वर अँटिबायोटिकही दिलं नाही, म्हणून तुमच्या जिवाला घोर लागलाय. मी डॉक्टर नाही, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं स्लाइड पाहिल्यात. तिथे जे दिसलं त्यावरून सांगते.

जाड धूळ नाकातच अडते. त्याहून बारीक असेल तर श्वासनलिकेतल्या चिकट थराला चिकटते आणि तिथले हलणारे सूक्ष्म तंतू ती वर घशाकडे ढकलतात. सकाळी खाकरल्यावर पडतं ते हेच. पण २.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या इवल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. डोक्याचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जाडीत असे वीसेक कण ओळीनं मावतील. वायुकोशात ढकलायला तंतू नाहीत. तिथे राखण असते ती मॅक्रोफेज नावाच्या पेशींची. आलेलं गिळायचं आणि पचवायचं, हे त्यांचं काम.

जंतू गिळला तर तो पचतो. काजळी पचत नाही. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून करतात त्या तपासणीत, फुप्फुस सलाइननं धुऊन जे पाणी परत येतं, त्यात निरोगी माणसाच्या दहातल्या आठ-नऊ पेशी मॅक्रोफेजच असतात. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या त्याच पेशी मी पाहिल्यात. आत काळे ठिपके खच्चून भरलेले, काही पेशींत तर मधलं केंद्रकही नीट दिसत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्लाइडवर रंग सांडला असं वाटून मी दुसरी स्लाइड केली होती. तीही तशीच निघाली.

आता सूज कशी येते ते सांगते. कण म्हणजे नुसता कोळसा नसतो. त्याच्या अंगाला लोखंड, तांबं यांसारखे धातू आणि अर्धवट जळलेली रसायनं चिकटलेली असतात. पेशीत गेल्यावर त्यांच्यामुळे ऑक्सिजनची अतिशय तिखट रूपं तयार होतात आणि ती पेशीला आतून पोळतात. पोळलेली पेशी मदतीची हाक घालते, म्हणजे आयएल-६, आयएल-८, टीएनएफ असे संदेश सोडते. त्या हाकेला रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी धावून येतात आणि जंतू मारायची रसायनं ओततात. मारायला जंतू नसतोच, मग झळ लागते ती आपल्याच भिंतींना. नलिकेचं अस्तर फुगतं, चिकटा वाढतो, वाट अरुंद होते. आईंच्या छातीत घरघर वाजते ती इथून. रोज धूर, तर रोज हाक. सूज उतरायला उसंतच मिळत नाही.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात जिनिव्हा स्टील हा पोलादाचा कारखाना ऑगस्ट १९८६ पासून वर्षभर बंद होता. आर्डेन पोप या संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदी काढल्या, तर त्या हिवाळ्यात श्वासाच्या त्रासानं दाखल झालेली मुलं खूपच कमी होती. हवा तपासायचे फिल्टर, कारखाना बंद असतानाचे आणि चालू असतानाचेही, जपून ठेवलेले होते. पुढे संशोधकांनी त्यांवरच्या धुळीचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या एका भागात सोडला आणि २४ तासांनी तो भाग धुऊन पाहिला. अर्काचं वजन सारखंच, पण कारखाना चालू असतानाच्या धुळीनं बरीच जास्त सूज आणली. त्या धुळीत धातू जास्त होते. म्हणून धूळ किती एवढंच विचारून भागत नाही, ती कशाची हेही विचारावं लागतं.

आता तुमच्या घराचं बघू. आईंनी तीस वर्षं पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला, असं तुम्ही लिहिलंय. आता गॅस आहे, पण पाण्याचा बंब अजून काटक्यांवरच तापतो आणि त्यात प्लॅस्टिकही जातं. ते प्लॅस्टिक आजच बंद करा, आणि बंब पेटवायचं काम आईंकडून काढून घ्या. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत नको. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा फिरायला ऊन वर आल्यावर पाठवा. तोंडाला पदर लावून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो, पण कडेनं फट नको.

अँटिबायोटिक जंतू मारतं, आणि इथे जंतूच नाहीत. डॉक्टरांनी ते दिलं नाही हे बरोबरच केलं. श्वासातून औषध ओढायचे पंप मात्र दोन प्रकारचे असतात, नळी सैल करणारा आणि सूज उतरवणारा. आईंना कोणता दिलाय आणि तो रोज घ्यायचा की धाप लागल्यावर, हे पुढच्या भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. बेडका हिरवा-पिवळा झाला, ताप आला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्यांना लगेच दाखवा.