गाडीचा स्टिरिओ, खिशातला प्लेअर आणि मधली वायर

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. प्लेअरमध्ये गाणी चांगली आहेत, गाडीतले स्पीकरही चांगले आहेत, पण दोन्ही जोडले की काहीतरी बिनसतं. यातले बहुतेक दोष नवा स्टिरिओ न घेता दूर होतात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो आहे.

प्रश्न : ऑक्स केबलने, म्हणजे हेडफोनच्या जागेतून स्टिरिओत जाणाऱ्या वायरने, प्लेअर जोडला की गाण्यामागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, पाय काढला की उतरतो. प्लेअर खराब आहे की स्टिरिओ?

बहुधा दोन्ही ठणठणीत आहेत. तुम्ही प्लेअर त्याच वेळी गाडीच्या चार्जरलाही लावता का, ते आधी सांगा. नव्वद टक्के लोक ‘हो’ म्हणतील, असं मी छातीठोकपणे म्हणू शकतो.

होतं असं, की प्लेअरला गाडीचं अर्थिंग दोन वाटांनी मिळतं. एक वाट चार्जरमधून, दुसरी ऑक्स केबलमधून. दोन्ही मिळून एक रिंगण तयार होतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. गाडीत वीज बनवणारा अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो. त्याच्यातले डायोड तो डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. ती या रिंगणात शिरते आणि स्टिरिओ तिला गाण्याचाच भाग समजून मोठी करतो. अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून इंजिनाचा वेग वाढला की शिट्टीचा सूरही चढतो.

खात्री करून घ्या. गाडी मोकळ्या जागी उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि गाणं पॉज करून आवाज वाढवा. शिट्टी स्पष्ट ऐकू येईल. आता चार्जरची पिन उपसा. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा आठवडाभर स्टिरिओच्या मागच्या वायरी तपासत होतो. एका संध्याकाळी बोटांनी चार्जर ओढला आणि शिट्टी जागच्या जागी थांबली. इतकी शांतता झाली, की आधी वाटलं स्टिरिओच बंद पडला.

चार्जर काढूनही आवाज राहिला, तर केबल प्लेअरमधून काढून टोक मोकळं ठेवा. तरीही शिट्टी असेल, तर दोष स्टिरिओच्या अर्थिंगमध्ये आहे आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे.

ग्राउंड लूपवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्लेअर घरूनच चार्ज करून न्या, किंवा पॉवर बँकेवर लावा. ती गाडीला जोडलेली नसते, त्यामुळे रिंगणच होत नाही. दुसरा उपाय ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीएवढी ही डबी ऑक्स केबलच्या मध्ये बसते. आत डाव्या-उजव्या आवाजासाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, तांब्याची तार मात्र सलग राहत नाही. फारच छोटा ट्रान्सफॉर्मर असेल तर खर्जाचा भरीवपणा कमी होतो. तबल्याच्या डग्ग्याचं एखादं ओळखीचं गाणं लावून ते तपासा आणि मगच डबी ठेवून घ्या.

इंजिन बंद असतानाही बारीक किरकिर येत असेल, तर ती अल्टरनेटरची नव्हे. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारं चार्जरमधलं सर्किट बहुधा गोंगाट करतंय. चार्जर बदलून पाहा.

प्रश्न : ऑक्स लावल्यावर वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज जवळजवळ गायब! असं कसं होऊ शकतं?

हा प्रश्न वाचून मला आनंद झाला, कारण तुमच्या कानांनी दोष अचूक पकडलाय. तुमच्या जॅकचं अर्थिंग टेकत नाहीये.

साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर डाव्या आवाजाचं टोक, उजव्याचं कडं आणि दोघांना मिळून एक अर्थिंग असतं. अर्थिंग सुटलं की स्पीकरपर्यंत पोचतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. गायकाचा आवाज रेकॉर्डिंग करताना सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा झालं, की उरतं काय? बाजूला ठेवलेली वाद्यं आणि पोकळ घुमणं.

पिन पूर्ण आत जाते का, बघा. जाड कव्हरमुळे ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली तरी हे होतं. कव्हर काढून लावून पाहा. जॅकमध्ये खिशातला कापसासारखा मळ दाबून बसलेला असतो. प्लेअर बंद करून तो लाकडी टूथपिकने अलगद कोरून काढा, धातूची सुई घालू नका. तरीही फरक पडला नाही तर केबल बदला.

जाता जाता आवाजाच्या पातळीबद्दल. प्लेअरचा आवाज अगदी कमी ठेवून स्टिरिओचा वाढवलात, तर खरखरही मोठी होते. प्लेअर पूर्ण वर नेलात तर आवाज फाटू शकतो. तो साधारण तीन चतुर्थांशावर ठेवा आणि पुढचं काम स्टिरिओच्या बटणाला करू द्या. प्लेअरचा बास बूस्ट बंदच ठेवा.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत फक्त कॅसेट आणि रेडिओ आहे. कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर घ्यावा की एफएम ट्रान्समीटर?

डेक चालू असेल तर डोळे झाकून कॅसेट ॲडॅप्टर. त्यात फीत नसते. डेकच्या हेडसमोर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागासमोर, येईल असं एक छोटं हेड असतं. प्लेअरचा आवाज त्यातून चुंबकीय लहरी होऊन थेट डेकच्या हेडमध्ये उतरतो. मधे हवा नाही, दुसरं स्टेशन नाही.

दोन गोष्टी सांभाळा. डेकवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद करा. ते फितीची सरसर कमी करण्यासाठी आहे आणि तुमच्या गाण्यातला तार सप्तकाचा तजेलाच ओढून घेईल. आणि ॲडॅप्टर घालण्याआधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर येणारा तपकिरी थर म्हणजे वर्षानुवर्षांच्या फितींची झीज. डेक सारखी बाजू बदलत असेल, तर ॲडॅप्टरमधली दातेरी चाकं अडकलीत. डेकला वाटतं, फीत संपली.

एफएम ट्रान्समीटर मी शेवटचा पर्याय मानतो. तो आपलं एक चिमुकलं रेडिओ स्टेशनच असतो, पण इतकं कमी ताकदीचं, की प्रवासात खरं स्टेशन त्या जागी आलं की तुमचं गाणं बुडालंच. त्यात एफएमवर साधारण 15 किलोहर्ट्झच्या वरचे स्वर जातच नाहीत. वापरायचाच असेल तर 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये अशी जागा शोधा, जिच्या दोन्ही शेजारी स्टेशन नाही.

प्रश्न : ब्लूटूथवर फोन येतात-जातात, गाणी मात्र गाडीत वाजत नाहीत.

बोलणं आणि गाणं ब्लूटूथवर वेगवेगळ्या प्रोफाइलने, म्हणजे ठरवून दिलेल्या पद्धतीने, जातं. बोलण्याचं एचएफपी, गाण्याचं ए२डीपी. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावासमोर ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का, ते पाहा. ते दिसतच नसेल, तर गाडीची यंत्रणा फक्त बोलण्यापुरती आहे. मग ऑक्समध्ये लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या.

प्रश्न : पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर उघडतो, गाडीत नाही. दुसरा उघडतो, पण गाणी भलत्याच क्रमाने वाजतात.

ड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. पहिला बहुधा त्यातल्या एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला आहे. अनेक स्टिरिओंना फक्त फॅट३२ वाचता येतं. गाणी दुसरीकडे काढून ठेवा आणि मगच फॅट३२ करा, कारण फॉरमॅटने सगळं पुसलं जातं.

क्रमाचं कारण गमतीचं आहे. काही स्टिरिओ नावं बघतच नाहीत. ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. नावापुढे 001, 002 असे आकडे द्या आणि रिकाम्या ड्राइव्हवर त्याच क्रमाने पुन्हा कॉपी करा. मॅकवरून कॉपी करत असाल, तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली तयार होतात. स्टिरिओ त्यांनाही गाणी समजून अडखळतो. त्या काढून टाका.

प्रश्न : जुन्या आयपॉडसाठी गाडीत बसवलेलं किट आहे. त्यावर नंतर घेतलेला आयपॉड नॅनो वाजतो, पण चार्ज होत नाही.

तुमचा नॅनो बहुधा 2008 चा किंवा त्यानंतरचा आहे. तीस पिनांच्या त्या रुंद कनेक्टरमध्ये चार्जिंगच्या दोन वाटा होत्या, फायरवायर या यूएसबीसारख्याच जुन्या जोडणीची 12 व्होल्टची आणि यूएसबीची 5 व्होल्टची. गाडीत 12 व्होल्ट आयतेच मिळत असल्याने जुन्या किटांनी पहिली वाट धरली. 2008 च्या नॅनोत ती वाट बंद झाली. गाण्याच्या पिना वेगळ्या, म्हणून वाजायला अडचण नाही.

किट उखडू नका. 12 चे 5 व्होल्ट करून देणारे, तीस पिनांचेच मधले जोड याच अडचणीसाठी बनले होते. जुन्या सामानात अजून सापडतात. तो मिळेपर्यंत नॅनो घरी चार्ज करा, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नका. या प्लेअरांची लिथियम बॅटरी 45 अंशांपर्यंतच्याच साठवणीसाठी आहे आणि काचा बंद गाडी उन्हात त्यापुढे सहज जाते.