करंटने डोमेन वॉल कशी सरकते, आणि लॅपटॉपवर ते कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: चुंबकीय नॅनोपट्टीत करंट सोडल्यावर डोमेन वॉल सरकते ती करंटच्या चुंबकीय क्षेत्राने का? आणि रत्नागिरीत लॅब नसताना हे पडताळता येईल का?

क्षेत्राने नाही. वॉल म्हणजे आपल्याकडचा चिऱ्याचा गडगा नव्हे. पर्मलॉयच्या (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या) पट्टीत चुंबकनाची दिशा जिथे उलटी फिरते तो मधला पट्टा, बस्स. अणू जागचे हलत नाहीत. तो पट्टा ओलांडताना इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व, वळतो, त्याची भरपाई चुंबकनाला करावी लागते, आणि वॉल इलेक्ट्रॉनांच्या दिशेने, म्हणजे करंटच्या उलट सरकते.

पडताळा लॅपटॉपवर होतो. मूमॅक्स (mumax3) या चुंबकनाचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅमला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. नसेल तर ऊमफ (OOMMF) हा तसाच दुसरा प्रोग्रॅम. पट्टी ४ मायक्रॉन लांब, १०० नॅनोमीटर रुंद, ५ जाड. सेल, म्हणजे हिशेबासाठी पट्टीचा एकेक चौकोनी तुकडा, ५ नॅनोमीटरचा. संपृक्त चुंबकन ८ लाख अँपिअर प्रति मीटर, एक्स्चेंज (शेजारच्या स्पिनना एका दिशेत धरणारा जोर) १३ पिकोज्यूल प्रति मीटर, डॅम्पिंग (चुंबकनाची थरथर शमण्याचा दर) ०.०२, झाय (ξ, स्पिन चुंबकनामागे पूर्ण न वळल्याने मिळणाऱ्या जादा ढकलीचा आकडा) ०.०४, करंटमधल्या स्पिनचं ध्रुवीकरण ०.५. टोकांपासून लांब, सव्वा मायक्रॉनहून जास्त अंतराने दोन वॉल ठेवा. आधी करंटशिवाय रिलॅक्स करा, म्हणजे चुंबकन स्थिर होऊ द्या, नाहीतर सुरुवातीची थरथरच तुम्ही करंटची करामत समजाल.

आता पट्टीच्या लांबीला समांतर ०.५ मिलिटेस्ला क्षेत्र लावा: दोन्ही वॉल विरुद्ध दिशांना जातात. क्षेत्र काढून चौरस मीटरला एक लाख कोटी अँपिअर सोडा: दोन्ही एकाच बाजूला, सेकंदाला साधारण ७० मीटरने. उत्तर इथेच आहे: क्षेत्राने सरकत असत्या तर इथेही विरुद्ध दिशांना गेल्या असत्या. झाय शून्य ठेवलात तर वॉल थोडी सरकून अडकते. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. पावसात लाइट जाते, ऑटोसेव्ह सिम्युलेशनमधल्या दर ५० पिकोसेकंदांना ठेवा.

प्रत्यक्षात इतका वेग सहसा मिळत नाही. २००४ च्या सुमाराच्या प्रयोगांत तो सेकंदाला काही मीटरच भरला, एक कारण म्हणजे खडबडीत कडा वॉलला धरून ठेवतात. करंट इथे अर्धा मिलिअँपिअरच. पण घनता घरच्या दीड चौरस मिलिमीटर तारेतल्या १५ अँपिअरच्या लाखपट. म्हणून नॅनोसेकंदांचे पल्स. सलग सोडलात तर पट्टी तापते, नको तिथे नव्या वॉल उगवतात आणि मोजमापाचा बट्ट्याबोळ होतो.

पट्टी खरीच बनवून घेतलीत तर वरून दोन-तीन नॅनोमीटर टँटलम या धातूचा थर मागा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडं पर्मलॉय आपला वरचा थर ऑक्साइडला देऊन टाकतं, आणि ५ नॅनोमीटरमधला एकेक नॅनोमीटरही फार असतो.