तुळस तीनदा गेली, आता सासूबाई कुंडीला हात लावत नाहीत

प्रश्न : ताई, सासरे गेल्यावर सासूबाईंना (वय 68) साताऱ्याजवळच्या गावाहून डोंबिवलीला आणलं. तिकडे त्यांचं परसू होतं. इथे दिवसभर टीव्हीसमोर बसतात, गुडघे आखडलेत, शुगर वाढलीय. मन रमावं म्हणून पूर्वेच्या गॅलरीत कुंड्या आणल्या, पण तुळस तीनदा वाळली. ‘माझ्या हाताला आता यश नाही’ म्हणून त्यांनी कुंड्यांचं नावच टाकलंय. शेजारीण म्हणते, घरात दोष आहे. काय करू?

उत्तर : शेजारणीला चहा द्या आणि विषय बदला. दोष असलाच तर तो रोजच्या तांब्याचा. गावच्या वृंदावनात तांब्याभर पाणी खाली जमिनीत जिरून जातं. आठ इंची कुंडीत तेच साचतं, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. वरून झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. गेलेलं रोप उपसून सासूबाईंनाच दाखवा. मुळं काळी, मऊ आणि कुबट वासाची निघाली, तर त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. शेत केलेल्या बाईला कुजलेलं मूळ कळतं.

तरीही लगेच चौथी तुळस आणू नका. आधी मेथी लावा, कारण ती सहसा निराश करत नाही. सहा इंच खोल, भोकं पाडलेला ट्रे किंवा जुना टब घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून दाटसर पसरा, वर अर्धा सेंटीमीटर माती. तीन-चार दिवसांत कोंब, साधारण 25 दिवसांत जुडी. रोपं लांबुडकी होऊन कलंडली तर ऊन कमी पडतंय. बुडाशी काळी पडून झोपली तर पाणी जास्त झालंय. पुढे धने, पण रगडून दोन फाकी करून पेरायचे. पुदिना बाजारातल्या जुडीच्या काड्यांवरच येतो.

मेथीची भाजी एकदा ताटात आली की मग तुळस. 12 इंची मातीची कुंडी, भोकावर खापराचा तुकडा, माती तीच. नर्सरीतल्या रोपाला चिकट मातीचा गोळा असतो, तो हलक्या हाताने सैल करा. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पूजेला रोज हवंच असेल तर पळीभर. मंजिऱ्या खुडत राहा, बी धरलं की तुळस थकते.

गुडघ्यांसाठी कुंड्या कमरेच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा. उकिडवं बसणं नको. झारीत एका वेळी लिटरभरच पाणी. शुगर आहे म्हणून हातमोजे आणि बंद चपला हव्यातच, कारण बारीक जखमही चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन टाका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत हालचाल झाली तर शुगरला मदतच होते, गोळ्या मात्र चालूच. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून दोनदा रिकाम्या करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सतत रडू येत असेल, तर मेथीची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. दुःखावर बागकाम पुरतंच असं नाही.

आणि एक. या सगळ्यात तुम्ही पुढे होऊ नका. काय पेरायचं, कधी खुडायचं हे त्यांना ठरवू द्या, चुकलं तरी. ‘आई, पाणी जास्त होतंय’ असं मागे उभं राहून म्हणायचं नाही. मातीची पिशवी मात्र तुम्हीच वर आणा.