"वचनात गोडी वाटत नाही, माझा विश्वास कच्चा आहे का?"

"वाचतो तं रोज. पन दोन पानं झाले का डोये मिटतेत. बाकीच्या बाया साक्ष देतेत का वचन मधावानी लागते. मलेच काऊन नाही? माह्या विश्वासात खोट हाये काय जी?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या, रोज बायबल वाचणाऱ्या चाळिशीच्या एका ताईंचा हा प्रश्न. वचन म्हणजे बायबलमधला देवाचा शब्द. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हाच प्रश्न अनेकांचा असतो, पण बोलायची लाज वाटते.

आधी झोप, भूक, उत्साह यांची विचारपूस केली. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर ते दुखणं वेगळं. मग आधी डॉक्टरांकडे जावं किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावं. ताईंचं तसं नव्हतं. त्या अडत होत्या ते वाचनापाशीच.

1 जानेवारीपासून रोज तीन अध्याय, तेही रात्री साडेनऊला, दिवसभर कापूस वेचून आल्यावर. या हिशेबाने उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर सरतं. पंचविसाव्या दिवशी निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि महिना संपता संपता लेवीय हे नियमांचं पुस्तक लागतं. पुष्कळ जण इथेच अडून बसतात. बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन वाचूनही वर्षात ते पुरं होत नाही. उरतो तो फक्त मागे पडल्याचा अपराधभाव.

ताईंची वही पाहिली. रोज एकच ओळ: "देवावर भरवसा ठेवावा." ओळ खरी आहे, पण ती शास्त्र न उघडताही लिहिता येते. बोध काढायची घाई झाली की पानावरचं दिसत नाही, आणि जे दिसलंच नाही त्यात मन रमणार कसं?

म्हणून बायबलमधलं एकच पुस्तक घेतलं, रूथ. नवरा वारलेल्या एका परक्या देशातल्या सुनेची ही गोष्ट. चार अध्याय, 85 वचनं, म्हणजे क्रमांक घातलेली वाक्यं. पहिल्या दिवशी सगळं मोठ्याने वाचायचं, वीसेक मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवसापासून रोज आठच वचनं, पहाटे चहा झाल्यावर, दोनदा. पहिले अकरा दिवस वहीत बोध लिहायचाच नाही. कोण आहे, कुठे आहे, कोणता शब्द पुन्हा आला, कशाचं नवल वाटलं, एवढंच लिहायचं. न कळलेलं प्रश्न म्हणून लिहायचं आणि रविवारी पाळकांना विचारायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सोळा वचनं करायची नाहीत, आठच. मोबाइलवरचं प्रवचन ऐकायचं ते आपण वाचून झाल्यावर. आधी ऐकलं की दुसऱ्याचं बोट धरून पाहिलं जातं.

शेवटी एक वचन निवडून ते शेतात घेऊन जायचं आणि कापूस वेचताना पुटपुटत राहायचं. पहिल्या स्तोत्रातल्या 'मनन' या शब्दामागचा हिब्रू शब्द पुटपुटण्याचाच आहे, कबुतराच्या घुमण्यालाही तोच वापरतात. डोळे मिटून गप्प बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पहिले चार दिवस ताईंना काही वाटलं नाही. हे असंच होतं, इथे पद्धत बदलू नये. पाचव्या दिवशी रूथ सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला निघाली आणि वही भरायला लागली. सोंगणीनंतर शेतात सरवा वेचणं म्हणजे काय, हे ताईंना समजावून सांगावं लागलं नाही. वाकून कंबर कशी भरते, मालक कसा बघतो, हे सगळं त्यांनी लिहिलं. शेताचा मालक बवाज मुद्दाम पेंढ्यांतून काही कणसं टाकायला सांगतो, तिथे त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

नवव्या दिवशी त्यांना एक शब्द सापडला. पहिल्या अध्यायात रूथची सासू नामी म्हणते, देवाने मला रिकामी परत आणलं. तिसऱ्यात बवाज रूथला सातू देऊन सांगतो, सासूकडे रिकाम्या हाती जाऊ नको. मूळ हिब्रूतही दोन्हीकडे शब्द तोच आहे. ताईंना हे कुणी दाखवलं नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

पुढच्या भेटीत त्यांनी लेवीय उघडून आणलं, जिथे त्या अडकल्या होत्या तेच. 19 व्या अध्यायात शेताची कड कापू नको, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू दे, असं लिहिलंय. रूथच्या शेवटच्या अध्यायात बवाज नातलग म्हणून नामीची जमीन सोडवून घेतो, तेही ताईंच्या मनात होतं.

"म्हंजे रूथले जे भेटलं ते हितूनच आलं काय जी? मंग जमीन सोडवाचंबी हितंच असन?"

"आहे, ताई. लेवीय 25, वचन 25."

त्यांनी तिथेच पान उलटलं.