डेमो बघून नव्हे, ड्युटीवर बसून ठरवा
तुमच्या संस्थेला घरच्या रुग्णांचं बीपी, ऑक्सिजन, वजन दुरून बघणारी यंत्रणा घ्यायची आहे. डेमो छान झाला, आता सिस्टर्सकडून फॉर्म भरून घेतला की पुरे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही.

फॉर्म जरूर घ्या. यंत्रणा वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी जॉन ब्रूक यांची १९८६ची प्रश्नावली, सिस्टिम युजॅबिलिटी स्केल, सुटसुटीत आहे: दहा विधानं, प्रत्येकाला पाच पर्याय, शेवटी शंभरपैकी गुण. ६८च्या आसपास सरासरी धरतात. पण नेमकं अडतंय कुठे, ते या आकड्यावरून कळत नाही.

त्यासाठी चालू ड्युटीत सिस्टरच्या शेजारी बसा. मनात येईल ते बोलत काम करायला सांगा आणि तुम्ही मधे बोलू नका. मी पाहिलेला प्रसंग सांगते. एका आजींचा ऑक्सिजन ८६ आला. सिस्टरने सुनेला फोन लावला, "बोटं गार आहेत का? चोळून परत लावा." आकडा ९५ झाला. तेवढ्यात दुसरा फोन आला. तो संपेपर्यंत स्क्रीन आपोआप यादीवर गेली होती, आणि नोंद त्याच आडनावाच्या दुसऱ्या रुग्णाच्या नावावर पडली. सिस्टर म्हणाली, "माझंच चुकलं, मॅडम." हे फॉर्ममध्ये कधीच उतरत नाही, कारण यंत्राचा दोष सिस्टर्स स्वतःच्या माथी घेतात. मला याचं फार वाईट वाटतं.

अलर्ट मोजा. आले किती, आणि त्यातल्या कितींवर खरंच काही करावं लागलं? सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, बऱ्याच रुग्णांसाठी ऑक्सिजन ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. सगळ्यांना ९४ची मर्यादा लावलीत तर असा रुग्ण दिवसभर लालच दिसणार, आणि चार दिवसांनी त्या लालकडे कुणी बघणार नाही. हार्ट फेल्युअरमध्ये तर एकट्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं का, हे महत्त्वाचं. तो चढ एका नजरेत दिसतो का, तेही बघा.

सुरुवातीला पाच-सहा सिस्टर्स पुरतात, ढोबळ अडचणी तेवढ्यात बाहेर येतात. मात्र त्यात रात्रपाळीची एक आणि मोबाइलवर फारसा हात न बसलेली एक हवीच.

शेवटचं, करारावर सही करण्याआधीचं. डॉक्टरांनी एखाद्या रुग्णाची मर्यादा बदलायला सांगितली, तर सिस्टरला ती तिथल्या तिथे बदलता येते का? त्यासाठी कंपनीला ईमेल करून वाट बघावी लागत असेल, तर दर कितीही कमी असो, मी ती यंत्रणा घेणार नाही.