जेडच्या बांगडीच्या कागदावर ‘टाइप ए’ लिहिलंय, म्हणजे ती पहिल्या प्रतीची का?

सासूबाईंनी सिंगापूरहून आणलेल्या हिरव्या बांगडीच्या कागदावर ‘जेडाइट, टाइप ए’ आहे, म्हणजे ती पहिल्या प्रतीची का, आणि चिनी लोक या दगडाला एवढं का मानतात, असं तुम्ही विचारलंय.

‘ए’ ही प्रत नव्हे. दगड कापून, घासून, फार तर मेण लावून विकलाय, एवढाच त्याचा अर्थ. ‘बी’ म्हणजे आम्लात बुडवून डाग काढलेला आणि मग आत रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, भरलेला. ‘सी’ म्हणजे रंगवलेला. त्यामुळे मळकट राखाडी बांगडीसुद्धा खुशाल ‘ए’ असू शकते. किंमत ठरते ती रंगावर, पोताच्या बारीकपणावर, उजेड किती आत शिरतो त्यावर आणि तड्यांवर. दुकानदार बांगडी टिचकी मारून वाजवून दाखवतात. खणखणीत वाजली तर बरंच, पण ‘बी’ पक्का ओळखायला प्रयोगशाळेतली इन्फ्रारेड तपासणीच लागते. तापवलेली सुई टोचून पाहायचा व्हिडिओवाला उद्योग कृपा करून करू नका.

आपल्याकडे ‘इंडियन जेड’ म्हणून मिळतं ते बहुधा अ‍ॅव्हेंच्युरीन, म्हणजे हिरवं क्वार्ट्झ. हातात घेतलं की जेडाइट त्याहून चांगलंच जड लागतं: घनता साधारण 3.3, क्वार्ट्झची 2.65.

आता मानाचं. चीनमध्ये हजारो वर्षं ज्या ‘यू’ची, म्हणजे जेडची, पूजा झाली तो दगड मुख्यतः नेफ्राइट, म्हणजे जेड याच नावाने ओळखला जाणारा दुसरा दगड, पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नद्यांतून येणारा. जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणावर पोचलं ते अठराव्या शतकात, ब्रह्मदेशाच्या काचिन भागातून. आजही उत्तम माल तिथल्या फाकांतचाच. म्हणजे ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ सांगून कोणी जेडाइट विकत असेल तर तो नेफ्राइटचं पुण्य जेडाइटच्या खात्यावर टाकतोय! हे दोन निराळे दगड आहेत हे 1863 मध्ये दामूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवलं. चिनी लोकांनी मात्र नव्या पाहुण्याला सुरेख नाव दिलं, फेइत्सुई. मूळ अर्थ खंड्या पक्षी. त्याच्या पिसांसारखा झळझळीत रंग, म्हणून. राजमाता त्सशीला त्याचं वेड होतं. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात कोबीचा एक कोरीव गड्डा आहे: दगडाचा पांढरा भाग देठाला, हिरवा पानांना, वर नाकतोडे. जेमतेम 19 सेंटिमीटरचा, पण लोक रांगा लावून बघतात.

बांगडी महाग असते ती वायाही फार जातं म्हणून. अख्खं वर्तुळ एकाच दगडातून, बिनतड्याचं निघावं लागतं. मधल्या चकतीची मग पदकं, मणी होतात.

मी सिंगापूरला सहा वर्षं होते. तिथे माझी साधीशीच बांगडी ओट्यावर आपटून दोन तुकडे झाली. मी हळहळत होते, तर शेजारच्या चिनी आजी चक्क खूश. तुझ्यावरचं काहीतरी तिने स्वतःवर घेतलं, म्हणाल्या. आपण बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणतो, हे मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. त्यांना ते लगेच पटलं. तुकडे लाल कापडात बांधून ठेव म्हणाल्या, ते अजून कपाटात आहेत.