वाचकांचे प्रश्न : पॉम्पेईचा पाव आणि नेवाशाचे खापर

मागील अंकात या सदरात प्राचीन रोमविषयीच्या एका शंकेला चार ओळींत उत्तर दिले होते. त्यानंतर नागपुरातूनच इतकी पत्रे आली, की यावेळचे सदर याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून गेली दहा वर्षे माझा बराचसा वेळ प्राचीन रोमविषयी वाचण्यात जातो. दोन वर्षांपूर्वी सहलीबरोबर इटलीत पॉम्पेईला गेलो होतो. तिथल्या फरसबंदीवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पाहून माझे डोळे भरून आले. घरी मात्र सूनबाई विचारतात, ‘बाबा, मनसरचे प्राचीन अवशेष आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहेत, तिथे तुम्ही किती वेळा गेलात?’ मला उत्तर देता आले नाही. ही ओढ इंग्रजी शिक्षणाने लावलेली, उसनी आहे का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : थोडी उसनी आहे, हे आधी मान्य करू. ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याकडे शाळा, न्यायालये आणि संग्रहालये उभारली, त्यांचे स्वतःचे शिक्षण लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांवर झालेले होते, आणि प्राचीन म्हणजे काय, भव्य म्हणजे काय, याची त्यांची मोजपट्टी रोमचीच होती. ती आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरली. परंतु दार कोणी उघडून दिले, एवढेच त्यातून कळते. आपण आत जाऊन दहा वर्षे का रमलात, याचे कारण दुसरे आहे, आणि ते आपल्याच पत्रात आहे. आपले डोळे कलोसियमसमोर भरून आले नाहीत, चाकोऱ्यांसमोर आले.

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. पॉम्पेईत तो शब्दशः दगडात उमटलेला आहे. रस्ता ओलांडताना पावसाच्या पाण्यात आणि घाणीत पाय भरू नयेत म्हणून मध्ये उंच दगड बसवले आहेत आणि त्यांच्यामधून चाके जाऊन जाऊन खोल घळी पडल्या आहेत. पावसाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीतून विटांवर पाय देत गेलेल्या माणसाला ते दगड कशासाठी आहेत, हे सांगावे लागत नाही. विजयकमानी आणि सम्राटांचे पुतळे लोकांनी पाहावेत म्हणून उभारलेले असतात, पण ती चाकोरी कोणीही आपली आठवण राहावी म्हणून पाडलेली नाही. रोमची खरी मोहिनी मला या न ठरवता मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये दिसते. इतक्या दूरच्या काळातला रोजचा दिवस इतक्या तपशिलाने हाती लागण्याची ठिकाणे जगात फार थोडी आहेत.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गेले. तिथे पद्धतशीर खोदकाम १७४८ मध्ये सुरू झाले. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खनन प्रमुखांनी, मृतदेह कुजून घट्ट झालेल्या राखेत ज्या पोकळ्या उरल्या होत्या, त्यांत प्लास्टर ओतून पाहिले. प्लास्टर सुकल्यावर राख काढली, तेव्हा तोंडावर हात घेतलेली, कुशीवर वळलेली माणसे समोर आली. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, सुरू झाला तोही याच १८६३ साली. तिकडे भूतकाळाला चेहरे मिळत होते आणि इकडे मध्य भारतातील शिल्पे आणि शिलालेख प्रथमच एका छपराखाली येत होते.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारी वस्तू आहे एक पाव. पॉम्पेईशेजारच्या हर्क्युलेनियम या गावी तो जळून कोळसा झालेल्या अवस्थेत सापडला. गोल आहे, वर सुरीने आखल्यासारखे आठ भाग पाडलेले आहेत, आणि त्यावर शिक्का उमटवलेला आहे : हा पाव क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा गुलाम सेलेर याचा आहे. शेजारपाजारचे लोक एकाच भट्टीत पाव भाजायला देत, तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून असे शिक्के वापरले जात असावेत. त्या एका ओळीत रोमन समाजाची सगळी रचना आली. मालकाचे नाव तिहेरी आहे, गुलामाचे एकेरी आहे, आणि गुलामाची ओळख मालकाच्या नावावाचून पूर्ण होत नाही. रोमवर प्रेम करणाऱ्याने या पावासमोर थोडा वेळ थांबले पाहिजे, कारण आपण ज्या जलवाहिन्यांचे आणि रस्त्यांचे कौतुक करतो, त्यांच्यामागे असे असंख्य सेलेर होते.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. नागपूरच्या परिसरातला भूतकाळ काही कमी श्रीमंत नाही. काटोल रस्त्यावर जुनापाणीची शिलावर्तुळे आहेत. माहुरझरी येथे मणी घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. वैनगंगेकाठी पवनीला स्तूप आहेत. पण आपल्या बाजूला लाकूड, माती आणि गवताची घरे होती, लिखाण नाशवंत साहित्यावर होत असे, आणि सगळे एका दिवसात झाकून ठेवणारी राख पडली नाही. त्यामुळे पवनीच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावे वाचता येतात, परंतु त्या दात्यांनी त्या दिवशी काय खाल्ले आणि कोणाशी भांडण केले, हे कळत नाही. पॉम्पेईच्या भिंतींवर मात्र तेही लिहिलेले आहे. तिथे नगरपालिकेच्या निवडणुकीत अमुक उमेदवाराला फळविक्रेत्यांचा पाठिंबा आहे, अशी रंगवलेली आवाहनेसुद्धा सापडतात, आणि ती वाचताना प्रभागाच्या निवडणुकीत रंगलेल्या आपल्याकडच्या भिंती आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तरीही रोम आणि आपण अशी दोन वेगळी खाती मांडण्याची गरज नाही. विद्यार्थिदशेत पुण्याला एका शिक्षकांनी नेवाशाच्या उत्खननातील एक खापर माझ्या हातावर ठेवले होते. विटकरी रंगाचे, हाताला खरखरीत, आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक काळे कण चमकताना दिसत होते. ते मद्य वाहून आणणाऱ्या उभट रोमन कुंभाचे खापर होते, आणि काळे कण होते नेपल्सच्या आखाताभोवतीच्या ज्वालामुखीच्या वाळूचे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याची माती प्रवरेच्या काठी आली होती. उलट दिशेने गेलेली वस्तू १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडली. ती सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती असून तिच्या कमरेला मेखला, हातापायांत भरगच्च दागिने आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या छोट्या सेविका आहेत. पुष्कळ जण तिला लक्ष्मी म्हणतात, परंतु ती यक्षी असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन या दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, आणि भोकरदनचे १९७३चे उत्खनन आपल्या नागपूर विद्यापीठाने मराठवाडा विद्यापीठाबरोबर केलेले आहे. तेर म्हणजे पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातले ‘तगर’. पैठण आणि तगरहून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे, असे त्या प्रवासवर्णनाचा अनाम लेखक, एक व्यापारी, लिहितो. म्हणजे चाकोऱ्या इकडेही पडत होत्या, फक्त त्या काळ्या मातीत पडल्यामुळे राहिल्या नाहीत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कोकणातून घाट चढून ती कोणाच्या सामानात आली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

सूनबाईंना मनसर प्रिय असेल तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. इ.स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिक याने रोमला वेढा घातला आणि वेढा उठवण्यासाठी सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली. ती मिरी अर्थातच मलबारची. त्याच सुमारास रामटेकजवळच्या नंदिवर्धनात, म्हणजे आजच्या नगरधनला, प्रभावतीगुप्ता आपल्या अल्पवयीन मुलांच्या वतीने वाकाटकांचे राज्य सांभाळत होती. पुढच्या रविवारी सूनबाईंना घेऊन नगरधन आणि मनसर पाहून या. पॉम्पेईत तयार झालेली आपली नजर तिथे निश्चितच उपयोगी पडेल.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. आमच्या घराच्या स्लॅबला वीस वर्षांत गळती लागली आणि सळया उघड्या पडल्या. रोमचे पँथिऑन हे प्राचीन देवालय मात्र १,९०० वर्षे उभे आहे. त्यांच्याकडे काही गुपित होते का?
— एक विद्यार्थिनी, मानेवाडा

उत्तर : दीक्षाभूमीच्या स्तूपात आपण नक्कीच उभ्या राहिल्या असाल. त्या घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट आहे आणि तो लोखंड घातलेल्या काँक्रीटचा आहे. पँथिऑनच्या घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर, म्हणजे १४२ फूट आहे, आणि त्यात एकही सळई नाही. हेड्रियन सम्राटाच्या काळात, इ.स. १२५च्या सुमारास तो पूर्ण झाला आणि सळईविना बांधलेला त्याहून मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात नाही.

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण उघडी पडली ती सळई आहे. पाणी मुरले की लोखंड गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की भोवतीचे काँक्रीट फोडते. रोमन बांधकामात गंजायला काही नव्हतेच. त्याची किंमत त्यांनी जाडीत मोजली : घुमट तोलणाऱ्या भिंती सुमारे सहा मीटर जाड आहेत, घुमट वर जाताना पातळ होत जातो, खाली जड दगडाची खडी आणि शिखराकडे पाण्यावर तरंगेल असा हलका ज्वालामुखीचा दगड वापरला आहे, आणि जिथे वजन सर्वांत त्रासदायक ठरले असते, तिथे सरळ आभाळ दिसेल असे गोल भोक ठेवले आहे.

मिश्रणात चुन्याबरोबर नेपल्सजवळच्या पोझुओलीच्या परिसरातली ज्वालामुखीची राख असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की रोमन काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे कण केवळ अर्धवट मिसळल्याची खूण नाहीत. तडा गेला आणि पाणी शिरले की त्या कणांतला चुना विरघळून तड्यात पुन्हा घट्ट बसतो आणि तडा भरून निघतो. आपल्याकडच्या जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालत, तीही याच कुळातली युक्ती आहे. आपण प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर सुरखीचा अवश्य विचार करा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्यासमोर आहेत त्या टिकलेल्या इमारती. रोममधील सामान्य माणसे ज्या बहुमजली चाळींत भाड्याने राहत, त्या कोसळल्याच्या तक्रारी त्यांच्याच लेखकांनी करून ठेवल्या आहेत.

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी गेले. मुलाने मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचे चिंतन वाचायला दिले आहे. वाचताना धीर येतो, पण कधी कधी वाटते की हा माणूस मन मारायला सांगतो आहे. रडू आले की मी त्याच्या परीक्षेत नापास झाले असे वाटते.
— एक वाचक भगिनी, महाल

उत्तर : ताई, आपण नापास झालेल्या नाही, आणि हे मी केवळ सांत्वन म्हणून लिहीत नाही.

मार्कस इ.स. १६१ ते १८० या काळात सम्राट होता. त्याच्या काळात साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरले, त्याची शेवटची बरीच वर्षे डॅन्यूब नदीच्या सीमेवर छावण्यांत गेली, आणि त्याच्या तेरा-चौदा मुलांपैकी बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. ती टिपणे त्याने लोकांसाठी लिहिली नव्हती. ग्रीक भाषेत, स्वतःलाच उद्देशून, मन सावरण्यासाठी केलेले ते लेखन आहे. आपल्या संतांनीही स्वतःच्या मनाला हाक मारून, त्याला कधी समजावून तर कधी दटावून लिहिले आहे. त्यामुळे त्यातला कठोर स्वर आपल्यावर रोखलेला आहे असे समजू नका. ज्याला रडू येत होते, त्यानेच स्वतःला सांगितलेले ते शब्द आहेत.

त्याला रडू येत होते याची नोंदही आहे. त्याचा दत्तक पिता, सम्राट अँटोनायनस पायस, याच्या प्राचीन चरित्रात एक प्रसंग आला आहे. ज्याने मार्कसला लहानाचे मोठे केले तो गृहस्थ वारला, तेव्हा मार्कस रडू लागला आणि राजवाड्यातले सेवक त्याला आवरू लागले. त्यावर अँटोनायनस म्हणाला, की त्याला माणूस राहू द्या, कारण तत्त्वज्ञान काय किंवा राज्यपद काय, माया काही काढून घेत नाही. घरात कोणी गेले की आपल्याकडे जाणती माणसे म्हणतात, ‘रडू द्या तिला, अडवू नका.’ त्याचाच हा राजवाड्यातला अवतार आहे.

मार्कस ज्या स्टोइक विचारपरंपरेतला होता, तिने पहिल्या धक्क्याला कधी दोष दिला नाही. अंगावर शहारा येणे, डोळ्यांत पाणी येणे, या गोष्टी आपल्या हातात नसतात, असे त्याच परंपरेतला रोमन लेखक सेनेका स्पष्ट सांगतो. ‘आता माझे सगळे संपले’ हा जो निष्कर्ष मन त्यानंतर काढते, तो तपासून पाहा, एवढेच त्यांचे मागणे आहे. मार्कस ज्याला गुरुस्थानी मानत असे, तो एपिक्टेटस पूर्वी गुलाम होता, त्यामुळे हातात काय आहे आणि काय नाही, हा भेद त्याने अनुभवातून शिकलेला होता.

पुस्तक उशाशी राहू द्या. सलग वाचू नका, एखादे पान वाचून मिटावे. ज्या दिवशी ते परके वाटेल, त्या दिवशी ते बाजूला ठेवून मुलाशी यजमानांविषयी बोलत बसा.

प्रश्न : सप्टेंबर हा नववा महिना आहे, मग त्याच्या नावात सात का आहे?
— इयत्ता आठवी, सक्करदरा

उत्तर : कारण जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होत असे, साधारण आपल्या चैत्राच्या सुमारास. तिथून मोजलेस तर सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा आणि डिसेंबर दहावा येतो. इ.स.पू. १५३ पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदावर येऊ लागले आणि वर्षाचा आरंभ तिकडे सरकला, पण महिन्यांची नावे तशीच राहिली. जुलैला पूर्वी ‘क्विंटिलिस’ म्हणजे पाचवा आणि ऑगस्टला ‘सेक्स्टिलिस’ म्हणजे सहावा म्हणत, पुढे त्यांना ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांची नावे दिली गेली. आता लॅटिन आकडे मोठ्याने म्हणून पाहा : सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम. मग संस्कृत म्हण : सप्त, अष्ट, नव, दश. लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या बहिणी आहेत, म्हणून ते आकडे तुला ओळखीचे वाटतील.